मोलाचे गणित

'मोल' हा शब्द मराठीत किती ठिकाणी भेटतो ते पाहा. दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई 'मोलकरीण' असते, पोट भरण्यासाठी केलेले कष्ट 'मोलमजुरी' ठरतात, वडीलधाऱ्यांचा सल्ला 'मोलाचा' असतो, फुकट गेलेला माल 'मातीमोल' होतो आणि आईची माया 'अनमोल' असते. संस्कृतातले 'मूल्य' झिजत झिजत मराठीत 'मोल' झाले, हे महाविद्यालयात मराठी शिकविताना मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगत आलो आहे. परंतु हुबेहूब याच उच्चाराचा आणखी एक 'मोल' आपल्या मुलांच्या दप्तरात मुक्काम करून असतो. तो रसायनशास्त्रातला. त्याचे कूळ अगदी वेगळे. जर्मन भाषेतल्या रेणूवाचक शब्दाचे ते आखूड रूप, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'ढीग' किंवा 'वस्तुमान'. आपल्या मोलाशी त्याचे नाते नाही. मात्र त्याची धास्ती अशी की, अकरावीत मोठ्या हौसेने विज्ञान घेतलेली कितीतरी मुले त्याची ओळख होताच पहिल्या दोन महिन्यांत पाय मागे घेऊ लागतात.

माझ्या भाचीचेच पाहा. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली आणि गुणही चांगले मिळविले. अकरावीला विज्ञान घेतले आणि सारे एकदम इंग्रजीतून सुरू झाले. त्यातून पहिल्याच धड्यात मोल, रेणुवस्तुमान, अभिक्रिया आणि त्यांवरची उदाहरणे. श्रावणातल्या एका रविवारी ती वह्या घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मामा, मी सायन्स सोडते. आर्ट्सला येते. तुझंच मराठी घेते."

वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता. मराठी हा विषय आवडीने घेणारी मुले हल्ली शोधून काढावी लागतात. पण माझ्या विषयाकडे कोणी यावे ते त्याच्या ओढीने यावे, दुसऱ्या विषयाला भिऊन पळत येऊ नये, असे मला मनापासून वाटते. भीतीने पळालेला माणूस कोठेच फार दिवस टिकत नाही. आज रसायनातून पळाला तो उद्या व्याकरणातूनही पळेल. मी तिला म्हटले, "ये हो खुशाल. पण आधी हा धडा आपण दोघं मिळून वाचू, आणि मग काय ते ठरव."

पुढचे चार रविवार आम्ही तो धडा वाचला. मुद्दामच 'वाचला' म्हणतो.

आधी अन्वय लावा

तिची वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. तिचा गुणाकार चुकत नव्हता, भागाकार चुकत नव्हता. या उदाहरणांना लागणारे गणित म्हणजे तरी काय? शाळेतले त्रैराशिक. दोन डझन केळ्यांना इतके रुपये, तर पाच डझनांना किती, एवढेच. ते तिला उत्तम येत होते. चुकत होता तो अन्वय.

जुन्या शाळेत मोरोपंतांची आर्या शिकविताना गुरुजी पहिला प्रश्न विचारीत, "क्रियापद कोणते?" क्रियापद सापडले की कर्ता कोण, कर्म कोण, कोणते विशेषण कोणाला चिकटलेले आहे, हे एकेक उलगडत जाई. ते न करता पहिल्या शब्दापासून अर्थ लावू गेले, तर आर्या वाचणाऱ्याला गोल गोल फिरविते. रसायनातल्या उदाहरणाचे अगदी तसेच आहे. तीन ओळींच्या वाक्यात दोनतीन आकडे असतात आणि मुलांची नजर थेट त्यांच्यावर जाते. मग हाताला लागेल त्या आकड्याला दुसऱ्या आकड्याने गुणून पाहायचे, नाही जमले तर भागून पाहायचे.

खरे म्हणजे आधी विचारावे, येथे घडते आहे काय? काही भाजले जात आहे, जळते आहे की फसफसते आहे? ते झाले क्रियापद. मग कशाचे काय झाले, हातात काय दिले आहे आणि मागितले काय आहे? मग विशेषणे. 'शुद्ध', 'कोरडे', 'जादा', 'उरलेले' हे शब्द उदाहरणात शोभेसाठी आलेले नसतात. आकड्यांची पाळी सर्वांत शेवटी.

भाषेचा आणखी एक खड्डा या वाटेवर आहे. मराठीत पदार्थाच्या मूळ कणाला 'अणू' म्हणतात आणि अणू जुळून होतो तो 'रेणू'. हिंदीत मात्र मूळ कण तो 'परमाणु' आणि जुळून झालेला तो 'अणु'. हल्ली मुले मराठी पुस्तक वाचून आलेली असतात, वर्गात इंग्रजी ऐकतात आणि रात्री मोबाइलवर हिंदीतून शिकवणी पाहतात. अशा मुलाने 'ऑक्सिजनचा अणू' ऐकल्यावर कोणता कण डोळ्यांपुढे आणावा? ऑक्सिजनचे दोन अणू मिळून त्याचा एक रेणू होतो. म्हणजे शब्दाचा घोटाळा झाला की उत्तर नेमके दुप्पट किंवा निम्मे येणार. भाचीच्या वहीतली निदान तीन उत्तरे अशी दुप्पट-निम्मी होती. तिने वहीच्या पहिल्या पानावर तीनही भाषांतले शब्द शेजारीशेजारी लिहून ठेवले आणि तो प्रश्न तेथल्या तेथे मिटला.

पाने दोन, सुपारी एक

आता मूळ अडचणीकडे येऊ. रासायनिक समीकरण सांगते की, हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. मुले वाचतात, 'हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक', आणि लगेच दोन ग्रॅम व एक ग्रॅम धरून मोकळी होतात. समीकरण नगांत बोलते आणि प्रयोगशाळेतला तराजू ग्रॅमांत बोलतो. सगळी भीती या दोन बोलींच्या मधल्या फटीत दडलेली आहे.

समजा, लक्ष्मीपूजनासाठी विडे मांडायचे आहेत. विड्याला पाने दोन, सुपारी एक. हे झाले आपले समीकरण. यावरून कोणी गृहिणी 'दोन ग्रॅम पाने आणि एक ग्रॅम सुपारी द्या' असे दुकानदाराला सांगणार नाही, कारण पान हलके असते आणि सुपारी जड, हे तिला पक्के ठाऊक असते. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की, एक पान दोन ग्रॅमचे आहे आणि एक सुपारी आठ ग्रॅमची. घरात ४० ग्रॅम पाने आणि ९६ ग्रॅम सुपाऱ्या आल्या. विडे किती होतील?

४० ग्रॅम पाने म्हणजे २० पाने. ९६ ग्रॅम सुपाऱ्या म्हणजे १२ सुपाऱ्या. वीस पानांचे विडे दहा, आणि त्यांना सुपाऱ्या लागल्या दहा. दोन सुपाऱ्या तबकात उरल्या. सुपाऱ्या कितीही असोत, अकरावा विडा होणार नाही, कारण पाने संपली. जो जिन्नस आधी संपतो तोच किती विडे होणार ते ठरवितो. रसायनशास्त्रात त्याला 'मर्यादित अभिकारक' असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून मुले घाबरतात, पण पाने संपल्यावर काय होते हे घरातल्या लहान पोरालाही सांगता येते.

आता जमाखर्च पाहा. एक विडा १२ ग्रॅमचा, म्हणजे दहा विडे १२० ग्रॅमचे, आणि उरलेल्या दोन सुपाऱ्या १६ ग्रॅम. एकूण १३६. आत आले होते ४० आणि ९६, म्हणजे तेही १३६. खाते जुळले. पदार्थाचे रूप बदलते पण एकूण वस्तुमान बदलत नाही, हा नियम फ्रान्समधल्या लव्हाझियेने तराजू हाती धरून पक्का केला आणि १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. हा गृहस्थ सरकारी कर गोळा करणाऱ्या मंडळींपैकी होता, तेव्हा जमाखर्चाची त्याला सवयच होती. पुढे त्याच धंद्यापायी क्रांतिकारकांनी १७९४ साली त्याचा शिरच्छेद केला, पण त्याने घालून दिलेली हिशेबाची रीत टिकली. समीकरणाच्या डाव्या-उजव्या बाजू जुळविणे म्हणजे त्याच वहीची बेरीज जुळविणे.

विड्याच्या उदाहरणात आपण तीन पायऱ्या चढलो. तोलावरून नग काढले, नगांवरून नग ठरविले आणि नगांवरून पुन्हा तोल काढला. या धड्यातली बहुतेक उदाहरणे या तीन पायऱ्यांत मावतात.

न दिसणाऱ्यांची मोजदाद

पाने बोटांनी मोजता येतात. रेणू कसे मोजणार? उत्तर सोपे आहे. तोलून.

लोखंडी सामानाच्या दुकानात खिळे किलोवर मिळतात, दुकानदार ते मोजीत बसत नाही. एका खिळ्याचे वजन ठाऊक असले की तराजूच मोजदाद करतो. आता समजा, एक लिंबू ५० ग्रॅमचे आहे आणि एक नारळ ५०० ग्रॅमचा, म्हणजे लिंबाच्या दहापट. मग ५ किलो लिंबे आणि ५० किलो नारळ घेतले, तर नग सारखेच येतील, दोन्हींचे शंभर. वजनांचे प्रमाण ठाऊक असले की पुरे. एकही नग हातात धरावा लागत नाही.

अणूंचे हेच. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे १२ पट जड आणि ऑक्सिजनचा सुमारे १६ पट. म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतले, की तिन्हींतल्या अणूंची संख्या एकच येते. केळ्यांना डझन, कागदांना रीम, तसे अणुरेणूंच्या या ठरावीक संख्येला 'मोल' म्हणायचे. हे मोठ्या मापाचे डझनच. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, म्हणजे २ आणि १६ मिळून १८. तेव्हा १८ ग्रॅम पाणी म्हणजे पाण्याचा एक मोल. एक घोटभर पाणी, इतकेच.

त्या घोटात रेणू किती? ६०२२ लिहून पुढे वीस शून्ये द्या. भारतातली सुमारे १४० कोटी माणसे रात्रंदिवस न थांबता, प्रत्येकी सेकंदाला एक या वेगाने ते रेणू मोजू लागली, तर मोजणी संपायला जवळजवळ १ कोटी ३६ लाख वर्षे लागतील. पाणी प्यायला मात्र क्षण पुरतो. पूर्वी १२ ग्रॅम विशिष्ट कार्बनमधल्या अणूंच्या आधारे मोल ठरवीत. २० मे २०१९ पासून ही संख्याच नेमकी ठरवून टाकली आहे. ६०२२१४०७६ आणि पुढे पंधरा शून्ये. या संख्येच्या आठवणीसाठी परदेशांतले रसायनाचे शिक्षक २३ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून २ मिनिटांपासून संध्याकाळी ६ वाजून २ मिनिटांपर्यंत 'मोल दिन' पाळतात. २०१४ साली आपले लक्ष्मीपूजन नेमके त्याच तारखेला आले होते.

विद्वानांचा गोंधळ

हा विषय मुलांना जड जातो, याचे मला आता नवल वाटत नाही. मोठमोठ्या विद्वानांनाही तो पन्नास वर्षे जड गेला होता.

अणुसिद्धांत मांडणारा इंग्लंडचा डाल्टन पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एकच अणू आहे असे समजत होता. १८११ साली इटलीतल्या अॅव्होगॅड्रोने सुचविले की, तापमान आणि दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून दोन मापे वाफ होते, त्या अर्थी ऑक्सिजनचा रेणू दुभंगत असला पाहिजे, म्हणजे त्यात दोन अणू असले पाहिजेत. या अॅव्होगॅड्रोचे मूळ शिक्षण कायद्याचे. वकिलाच्या काटेकोरपणाने लावलेला हा अन्वय होता. पण एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील, हे त्या काळच्या बड्या मंडळींच्या गळी उतरले नाही. अॅव्होगॅड्रो १८५६ साली वारला तेव्हाही त्याचे म्हणणे बाजूलाच पडलेले होते.

दरम्यान युरोपात प्रत्येकाचे अणुभार वेगळे, सूत्रे वेगळी. जर्मनीतल्या केकुले या विख्यात रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली आपल्या पुस्तकात एकट्या अॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबट पदार्थाची, प्रचारात असलेली एकोणीस सूत्रे दाखविली होती! हा घोळ मिटविण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली, निर्णय असा काही झाला नाही. मात्र निघताना कान्निझारो या इटालियन प्राध्यापकाची एक पुस्तिका मंडळींच्या हाती पडली. अॅव्होगॅड्रोचे म्हणणे धरून चालले तर सगळे हिशेब कसे जुळतात, हे त्याने आपल्या विद्यार्थ्यांना शिकविताना जसे मांडले होते तसे तीत लिहिले होते. परिषदेला आलेल्यांत रशियाचा मेंडेलीव्ह होता. बरोबर अणुभार हाती आले म्हणूनच पुढे १८६९ साली त्याला मूलद्रव्यांची सारणी मांडता आली. आणि मोलमधल्या त्या प्रचंड संख्येला १९०९ साली फ्रान्सच्या पेरँने अॅव्होगॅड्रोचे नाव दिले. त्या बिचाऱ्याला स्वतःला ती संख्या कधीच ठाऊक नव्हती.

ही हकीकत भाचीने लक्ष देऊन ऐकली. म्हणाली, "म्हणजे त्यांनाही पहिल्या धड्यातच अडायला झालं होतं!"

चुना, सोडा आणि चार वाक्ये

मग आम्ही उदाहरणे घेतली. पहिले चुन्याचे. '८० टक्के शुद्ध अशी १०० किलो चुनखडी भाजली, तर चुनकळी किती मिळेल?'

क्रियापद कोणते? 'भाजली'. भाजल्यावर चुनखडीच्या एका नगाची चुनकळी एक नग होते आणि कार्बन डायऑक्साइडचा एक नग उडून जातो. आता तोल. चुनखडीत कॅल्शियम ४०, कार्बन १२ आणि ऑक्सिजनचे तीन अणू मिळून ४८, एकूण १००. चुनकळीत कॅल्शियम ४० आणि ऑक्सिजन १६, एकूण ५६. उडून गेलेले ४४. म्हणजे १०० किलोला ५६ किलो. येथे थांबणारी मुले विशेषण विसरतात. '८० टक्के शुद्ध' आहे, तेव्हा खरी चुनखडी ८० किलोच. बाकीची माती नि दगड. ८० किलोला ४४.८ किलो. झाले उत्तर.

याच चुन्याची पुढची कथा आपल्या भिंतींवर घडते. ५६ भाग चुनकळीवर १८ भाग पाणी घातले की ती तापून उकळ्या फोडते आणि ७४ भाग विरविलेला चुना होतो. जुन्या घरांना दिवाळीपूर्वी सफेती देत ती याचीच. भिंतीवर गेल्यावर तो चुना हवेतला ४४ भाग कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो, १८ भाग पाणी सोडून देतो आणि पुन्हा १०० भाग चुनखडी होऊन बसतो. भट्टीत जे गमावले ते भिंतीवर परत मिळविले. इतका चोख जमाखर्च माणसांत क्वचितच पाहायला मिळतो.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम घेतला. त्याचा मोल ८४ ग्रॅमचा, म्हणजे हा मोलाचा दहावा भाग झाला. नुसता तापविला, तर त्याचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू देतात. म्हणजे मोलाचा विसावा भाग, २.२ ग्रॅम वायू. मागे ५.३ ग्रॅम धुण्याचा सोडा राहतो आणि ०.९ ग्रॅम पाणी होते. बेरीज करून पाहा, ८.४ येते. पण त्याच सोड्यावर पुरेसे लिंबू पिळले, तर प्रत्येक रेणू आपापला एक वायूचा रेणू देतो, म्हणजे दुप्पट, ४.४ ग्रॅम. खोलीच्या तापमानाला वायूचा एक मोल सुमारे २४ लिटर जागा व्यापतो, त्या हिशेबाने पहिल्या खेपेला साधारण सव्वा लिटर वायू निघेल आणि दुसऱ्या खेपेला साधारण अडीच लिटर. ढोकळ्याच्या पिठात आंबट ताक किंवा लिंबू असेल तर तो जास्त फुलतो, आणि आंबटपणा कमी पडून सोडा जास्त झाला की साबणासारखी चव लागते, याचे कारण हे आहे. आमच्या घरातल्या बायकांना ते हाताच्या अंदाजाने ठाऊक होते. भाचीने ते चार वाक्यांत लिहून काढले.

मोरीतले उदाहरण

शेवटचे उदाहरण पुस्तकात नव्हते. ते भाचीनेच काढले, आणि त्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहीत आहे.

घरगुती गॅसच्या सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. तो मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण. सोयीसाठी सगळा ब्यूटेन धरू. ब्यूटेनचे दोन रेणू जळायला ऑक्सिजनचे तेरा रेणू लागतात, आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे आठ व पाण्याचे दहा रेणू होतात. तोलात सांगायचे तर ११६ ग्रॅमना ४१६ ग्रॅम ऑक्सिजन. त्रैराशिक मांडले तर एक सिलिंडर संपेपर्यंत आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेतून सुमारे ५१ किलो ऑक्सिजन खर्च होतो, सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि २२ किलो पाणी वाफ होऊन जाते. सिलिंडर आणणारा माणूस १४ किलो गॅस आणून देतो, पण त्याच्या साडेतीनपट जिन्नस खिडकीतून मुकाट्याने येत असतो. आपण त्याचे बिल भरत नाही म्हणून तो हिशेबात धरीत नाही.

भाचीने विचारले, "आणि खिडकी बंद असेल तर?"

तेव्हा तिने न्हाणीघराचे माप घेतले. पाच फूट लांब, चार फूट रुंद, आठ फूट उंच. १६० घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार हजार लिटर हवा. हवेत ऑक्सिजन शेकडा २१, म्हणजे साधारण साडेनऊशे लिटर. मोलाला २४ लिटर या दराने जवळजवळ ४० मोल. दोन मोल ब्यूटेनला तेरा मोल ऑक्सिजन लागतो, तेव्हा ४० मोलांना फार तर ६ मोल ब्यूटेन, आणि ब्यूटेनचा एक मोल ५८ ग्रॅमचा. उत्तर आले, सुमारे ३५० ग्रॅम. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर ३५० ग्रॅम गॅस जळेपर्यंत तेथला सगळा ऑक्सिजन संपेल. त्याच हवेत आपण श्वास घेत असतो!

प्रत्यक्षात धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. ऑक्सिजन अपुरा पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो, आणि माणसाला गुदमरल्याची जाणीवही न होता गुंगी येते. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. त्या प्रत्येक बातमीच्या मुळाशी 'मर्यादित अभिकारक' आहे. पाने संपली तर फार तर विडे कमी होतात. येथे जे संपते ते आयुष्य धरून ठेवणारे असते.

उत्तराखाली दोन रेघा ओढून भाची बराच वेळ गप्प बसली. त्या दिवसापासून विज्ञान सोडण्याची भाषा तिच्या तोंडी आलेली नाही. मराठीला एक विद्यार्थिनी कमी मिळाली, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

आता नरकचतुर्दशीची पहाट येईल. घरोघरी उटणी निघतील, एकामागून एक अभ्यंगस्नाने होतील, थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होतील आणि गीझर तासभर चालू राहील. वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर बसवून घ्या. तो आतच असेल, तर जळका वायू नळीने बाहेर जाईल अशी सोय असल्याखेरीज तो लावू नका. आणि हवा येण्याजाण्याची वाट कधीही बुजवू नका. पाणी आधी तापवून घ्यावे, गीझर बंद करावा आणि मग अंघोळीला बसावे, हे तर आजपासूनच करता येईल.

आणि घरात अकरावीचे मूल रसायनाची वही पुढे घेऊन केविलवाण्या चेहऱ्याने बसलेले दिसले, तर 'उत्तर आलं का?' असे विचारू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "यात घडतंय काय?" रसायन आपल्याला येत नसले तरी हरकत नाही. एवढे विचारण्यापुरते मराठी आपल्या सर्वांनाच येते.